सिलिकॉन वायपर आणि पाणी झटकणारं कोटिंग : केळघर घाटात दोघांचं पटेना

केळघरची_वाट · ११ जुलै, रात्री १०:१५

मंडळी, हसू नका, पण वायपरवर धागा काढतोय.

नोकरीपायी आठवड्यातून चार दिवस सातारा-मेढा-केळघर घाट-महाबळेश्वर आणि अंधार पडल्यावर परत. गाडी सात वर्षांची, उभट काचेची छोटी हॅचबॅक. मे महिन्यात हौसेने समोरच्या काचेला पाणी झटकणारं कोटिंग मारून घेतलं. त्यानंतर पंधरा दिवसांनी मेहुण्याने सिलिकॉनची ब्लेडं आणून दिली. "दाजी, आता तीन पावसाळे बघायला नको," म्हणाला.

पहिले काही दिवस स्वर्ग. पुण्याला एकदा जाऊन आलो तर निम्म्या रस्त्यात वायपर लावायची वेळच आली नाही. थेंब काचेवरून वर पळत होते, मुलगा त्यांच्या शर्यती लावत बसला होता.

घाटात मात्र रडकथा. भुरभुर सुरू झाली की वायपर एका बाजूला गुपचूप जातो आणि परत येताना टर्रर्र करत थरथरत येतो. काचेवर आडव्या रेघांची शिडी उमटते. त्याहून वाईट म्हणजे पातं पुढे गेलं की त्याच्या मागे दुधाळ पडदा राहतो, सेकंदभर. तेवढ्यात समोरून एसटीचे दिवे आले की रस्ता गायब. परवा वळणावर दरडीचा दगड पडला होता, तो मला दिसला बोनेटपासून दहा फुटांवर.

ब्लेडवाला म्हणतो कोटिंग हलकं आहे. कोटिंगवाला म्हणतो ब्लेडं चुकीची आहेत. यातलं काय काढून टाकू?

---

पोवईनाक्याचा_पक्या · ११ जुलै, रात्री १०:३१

दोन्ही काढ. साधं रबर टाक, दर पावसाळ्याला बदल. विषय संपला. एवढ्या पैशात किती कंदी पेढे आले असते राव.

---

गंजलेला_नट · ११ जुलै, रात्री ११:२०

पक्याभाऊ, विषय एवढ्यात संपत नाही. माझी वीस वर्षं रबर मोल्डिंगमध्ये गेली, आता कुपवाड एमआयडीसीत असतो. थोडं लांबण लावतो, चालवून घ्या.

साधं ब्लेड नैसर्गिक रबराचं किंवा त्यात कृत्रिम रबर मिसळलेलं असतं. त्याला ऊन आणि हवेतला ओझोन खातो. तीन उन्हाळ्यांत कडेला बारीक भेगा पडतात त्या याच. नुसतं रबर काचेला घट्ट धरतं, म्हणून त्याच्या ओठाला, म्हणजे काचेला टेकणाऱ्या कडेला, बहुतेक ग्राफाइट चोळलेलं असतं. नवीन ब्लेडवरून बोट फिरवलं की काळं लागतं ते.

सिलिकॉन रबराचा कणा वेगळा. सिलिकॉन आणि ऑक्सिजनची साखळी, त्यामुळे ऊन आणि ओझोन त्याचं फारसं वाकडं करू शकत नाहीत. दुसरी गोष्ट, ते काचेवर घासताना स्वतःचा अतिशय पातळ थर सोडत जातं. म्हणजे सिलिकॉन ब्लेड हेच एक कोटिंग लावणारं यंत्र आहे, हळू चालणारं. लोक नेमकं हेच विसरतात आणि आधी कोटिंग मारलेल्या काचेवर ते बसवतात.

आता टर्रर्र का होतं ते. स्वच्छ काचेवर पाणी पसरतं, त्याची सलग साय होते. ब्लेडचा ओठ त्या सायीवरून घसरतो, पाणी हेच त्याचं वंगण. कोटिंगच्या काचेवर पाणी गोळा होऊन मोती बनतात आणि दोन मोत्यांच्या मधली काच कोरडी राहते. मुसळधार पावसात हे जाणवत नाही, कारण पाणी भरपूर. भुरभुरीत मात्र ओठ ओल्या-कोरड्यावरून उड्या मारत जातो: चिकटला, सुटला, चिकटला, सुटला. तीच तुमची शिडी. त्यात सिलिकॉन कोरड्या काचेवर जास्त अडकतं, त्यामुळे नाटक वाढतं.

कोटिंग कोणत्या जातीचं आहे? बाटलीवर सिलिकॉन लिहिलंय की फ्लोरिन? फ्लोरिनचं जास्त टिकाऊ, पण त्यावर ब्लेडमधून सुटणारं सिलिकॉन सारखं बसत नाही, ठिगळं पडतात.

---

केळघरची_वाट · ११ जुलै, रात्री ११:३४

बाटली बघितलीच नाही काका. त्यांनी 'नॅनो सिरॅमिक' एवढंच सांगितलं.

---

गंजलेला_नट · ११ जुलै, रात्री ११:४१

हल्ली फोडणीच्या कढईवरसुद्धा नॅनो सिरॅमिक लिहिलेलं असतं. सोडा.

---

दहाचाकी · १२ जुलै, पहाटे ४:५०

आमी कराड-चिपळूण कुंभार्लीनं माल न्हेतो. तुमचं कोटिंग-बिटिंग आपल्याला ठावं न्हाय. वायपर बंद पडला तर आमी काय करतो सांगू का? तंबाखूची पुडी काडायची, वली करायची आन् भायनं काचंवर चोळायची. न्हायतर बटाटा कापून घासायचा. थेंब ऱ्हातच न्हाय, पाणी सपाट हुन खाली जातं. त्यावर चिपळूण गाठलंय म्या, पाटंच्या पावसात. आन् तुमी पैशे दिऊन थेंब करून घेताय व्हय?

---

गंजलेला_नट · १२ जुलै, सकाळी ८:०५

दहाचाकी मामा, तुमच्या पायाचं दर्शन घ्यायला पाहिजे. धाग्यातला सगळ्यात कामाचा मुद्दा तुम्ही पहाटे पाचला लिहिलात.

मंडळी, हे लक्षात घ्या. तंबाखू-बटाट्याचं शास्त्र कोटिंगच्या बरोबर उलट आहे. बटाट्याचा चीक किंवा तंबाखूचा रस काचेवर बसला की पाणी थेंब न धरता पसरतं. पसरलेल्या पाण्यातून आरपार दिसतं, जशी सपाट काच. थेंबातून दिसत नाही, प्रत्येक थेंब एक छोटं भिंग असतो आणि समोरच्या दिव्याचे शंभर दिवे करतो. थेंब उडून गेले तर उत्तम. नाही उडाले तर कोटिंगपेक्षा बटाटा बरा.

---

लिंबखिंड_ते_कात्रज · १२ जुलै, सकाळी ९:२६

मी उलट बाजूने बोलतो. सेडान आहे, काच चांगली आडवी पडलेली. दर शुक्रवारी पुणे-सातारा, सोमवारी परत. गेली चार वर्षं कोटिंग आणि साधं ग्राफाइटचं ब्लेड, सिलिकॉन नाही. एकदाही तक्रार नाही. आनेवाडी टोल सोडला आणि काटा सत्तरच्या वर गेला की वारा थेंब पुसून टाकतो. रात्री पावसात ट्रकच्या मागचा फवारा अंगावर येतो तेव्हा कोटिंग नसलेली काच आणि असलेली काच यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

खंबाटकीच्या बोगद्यात शिरताना तेवढं वायपर बंद करायला विसरू नये. आत काच कोरडी होते आणि मग जे किंचाळतं ते ऐकून मागे झोपलेली आई उठते.

---

गंजलेला_नट · १२ जुलै, सकाळी ९:५०

तेच तर. तुम्ही सत्तरने जाता, धागाकर्ता केळघरला वीस-पंचवीसने चढतो. साधारण साठीच्या खाली वाऱ्यात तो जोर नसतो. त्यात काच उभट. तिच्यावर एवढ्या वेगाला वारा थेंबाला वर ढकलत नाही, नुसता दाबून धरतो. आणि वर ढगात गाडी शिरली की पडणारे थेंब इतके बारीक की स्वतःच्या वजनाने ओघळतही नाहीत. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो हे खरं, पण तिथल्या ड्रायव्हरला आंधळा करतो तो मुसळधार नाही, ढगातला भुरका.

---

काचेचा_माणूस_मिरज · १२ जुलै, दुपारी १:१५

नमस्कार. माझं मिरजेत डिटेलिंगचं, म्हणजे गाड्या बारकाईने साफ-पॉलिश करायचं, छोटं काम आहे. ब्लेडला आणि कोटिंगला शिव्या देण्याआधी काच बघा. माझ्याकडे थरथरणारे वायपर घेऊन येणाऱ्या दहातल्या सहा-सात गाड्यांची काच घाण असते. दिसायला चकचकीत, पण वर डिझेलच्या धुराचा तेलकट थर, बोअरच्या पाण्याचे क्षार, फोम वॉशमधला वॅक्स. आमच्याकडे हंगामात उसाच्या पाचटाची काजळी वेगळीच. यावर कोटिंग मारलं की ते काचेला धरतच नाही, घाणीला धरतं. घाण निघाली की कोटिंगही गेलं, तेही ठिगळाठिगळाने.

एक साधी परीक्षा. गाडी सावलीत लावा, काच साबणाने धुवा, भरपूर पाण्याने साबण घालवा. मग तांब्याभर पाणी वरच्या कडेने सावकाश ओता आणि वाकून बघत राहा. पाणी सलग पडद्यासारखं खाली आलं तर काच उघडी, स्वच्छ. सगळीकडे सारखे मोती झाले तर कोटिंग शाबूत. कुठे पडदा, कुठे मोती, कुठे वेडेवाकडे ओघळ असं झालं तर थरथरणारच, मग ब्लेड सोन्याचं लावा.

---

पोवईनाक्याचा_पक्या · १२ जुलै, दुपारी १:२२

आली जाहिरात.

---

काचेचा_माणूस_मिरज · १२ जुलै, दुपारी १:४०

दादा, दुकानाचं नाव लिहिलेलं नाही, नंबर दिलेला नाही. तांब्या तुमच्याच घरचा वापरा. मिरजेला यायची गरज नाही.

---

केळघरची_वाट · १३ जुलै, दुपारी १२:१०

आज रविवार, पाऊस उघडला होता. तांब्याची परीक्षा केली. शेजारच्या काकू विचारत होत्या, गाडीला अभिषेक कसला.

निकाल: काचेच्या कडांना, जिथे वायपर पोचत नाही, तिथे टपोरे मोती. वायपरच्या कमानीच्या आत तीन पट्टे. वरच्या पट्ट्यात मोती, मधे पाणी पसरतंय, खाली दोन्हीची खिचडी. आणि जिथे खिचडी, बरोबर तिथेच शिडी उमटते. म्हणजे दोन महिन्यांत कोटिंग मधेच झिजलं आणि वर ब्लेडचं सिलिकॉन बसत गेलं, असंच ना?

आणखी एक. थरथर फक्त परत येतानाच का?

---

गंजलेला_नट · १३ जुलै, दुपारी १२:४५

खिचडीचं निदान बरोबर. परतीच्या थरथरीला बहुतेक आर्म, म्हणजे ब्लेड धरणारा दांडा, कारणीभूत आहे. ब्लेडचा ओठ मानेतून लवतो. जाताना एका बाजूला कलंडतो आणि दिशा बदलली की टप्पकन दुसऱ्या बाजूला कलंडायला हवा. दोन्ही वेळा तो काचेवर ओढला गेला पाहिजे. आर्म जरा पिळवटला असेल तर एका दिशेला ओढला जातो, दुसऱ्या दिशेला काचेवर खुपसला जातो. खडू फळ्यावर उलटा धरून ढकलला की कसा किर्रर्र वाजतो, तसं.

बघायचं असं: वायपर काचेच्या मधोमध असताना चावी बंद करा, म्हणजे तो तिथेच थांबेल. ब्लेड काढा, आर्म अलगद काचेजवळ आणा (ब्लेड नसताना हातातून सोडलात तर काचेला तडा, सांगून ठेवतो). आर्मचं टोक काचेला समांतर दिसलं पाहिजे. तिरकं असेल तर टोकाजवळ फडकं गुंडाळून पान्याने केसभर पिळायचं. केसभर म्हणजे केसभर. बहुतेक वेळा कार धुणारी पोरं आर्म उचलताना वाकवतात.

---

यवतेश्वरची_ताई · १३ जुलै, संध्याकाळी ६:३०

दोन दिवस सगळे बाहेरच्या काचेवर तुटून पडलात, आतून कुणी पुसली का?

मी रोज यवतेश्वर घाटाने वर जाते, शाळा कासच्या बाजूला आहे. मलाही तो दुधाळ पडदा दिसायचा, ब्लेड दोनदा बदललं. शेवटी कळलं की निम्मा पडदा आतून होता. सर्व्हिसिंगला दिली की पोरं डॅशबोर्डवर चकचकीत पॉलिश मारतात. ते उन्हात तापतं, त्याची वाफ काचेला आतून बसते. बोटाने रेघ ओढून बघा, दिसेल. स्पिरिटच्या फडक्याने दोनदा पुसल्यावर रात्रीची अर्धी डोकेदुखी गेली.

ज्यांच्या गाडीला आपोआप चालू होणारा वायपर आहे त्यांच्यासाठी: आरशामागे सेन्सर असतो, तो काचेच्या आतून अदृश्य प्रकाश सोडून तो परत किती येतो यावर पाऊस ओळखतो. तेवढ्या चौकोनावर कोटिंग मारू नये. माझ्या भावाच्या गाडीत मारलं होतं, तो वायपर धो धो पावसात झोपायचा.

आणि पक्या, वायपरवर काय बोलायचं म्हणून नाक मुरडतोस, त्याचं पेटंट १९०३ साली मेरी अँडरसन नावाच्या बाईने घेतलं होतं. आतून दांडा हाताने ओढायचा, बाहेर रबर फिरायचं. काच पुसायचं डोकं बायकांनाच असणार.

---

पोवईनाक्याचा_पक्या · १३ जुलै, संध्याकाळी ६:४१

ताई, शरण.

---

केळघरची_वाट · १३ जुलै, रात्री ९:०५

आर्म तपासला. उजवा तिरका निघाला, डावा सरळ. पिळला. आतून पुसलं, फडकं पिवळं झालं. आता बाहेरचं कोटिंग पूर्ण काढायचं कसं?

---

काचेचा_माणूस_मिरज · १३ जुलै, रात्री १०:२०

सेरियम ऑक्साइडची पूड, काचेच्या दुकानात मिळते. पाण्यात कालवून दह्यासारखी करा, ओल्या फेल्टच्या तुकड्याने हाताने घासा. सुरुवातीला लापशी काचेवरून पळते, फुटते. ती एकसारखी पसरायला लागली की कोटिंग निघालं. मशीन लावू नका, एका जागी जास्त घासलं गेलं तर काचेला लहर येते आणि रस्ता नाचताना दिसतो. ती लहर नंतर जात नाही. वाळू देऊ नका, रबराच्या पट्ट्यांवर पांढरं बसतं. शेवटी धुवून स्पिरिटने पुसा आणि ब्लेडचा ओठही स्पिरिटच्या कापडाने पुसा, काळं यायचं थांबेपर्यंत.

दीड-दोन तास लागतील. टूथपेस्ट वगैरे नको.

---

गंजलेला_नट · १३ जुलै, रात्री १०:४५

त्यानंतर निर्णय एकच: एका काचेवर एकच पद्धत. सिलिकॉन ठेवायचं असेल तर काच उघडी ठेवा, वरून कोटिंग नको. वॉशरच्या टाकीतही थेंब करणारी औषधं नकोत, साधं पाणी आणि काच धुवायचं द्रावण पुरे. शाम्पू टाकाल तर रेघा. नवं सिलिकॉन ब्लेड बसवल्यावर स्वच्छ काचेवर काही मिनिटं कोरडं चालवायचं असतं, म्हणजे त्याचा थर सगळीकडे सारखा बसतो. आवाज करेल, करू द्या. कोटिंगच हवं असेल तर लिंबखिंडवाल्यांसारखं ग्राफाइटचं रबर लावा आणि दोन-तीन महिन्यांनी कोटिंग नव्याने मारत राहा, कारण ब्लेड ते झिजवतंच.

सिलिकॉनचं एक वाईट सांगून ठेवतो, आमच्या धंद्यातलं आहे. ऊन सोसतं, पण फाटायला साध्या रबरापेक्षा हळवं. महाबळेश्वरच्या तांबड्या मातीचा चिखल काचेवर वाळलेला असताना कोरडा वायपर मारलात तर ओठाला खाच पडली म्हणून समजा. एक खाच म्हणजे आयुष्यभर एक रेघ. आधी पाणी मारायचं, मग वायपर.

---

केळघरची_वाट · २० जुलै, रात्री ११:०५

धागा वर काढतोय. मागच्या सोमवारी एक खोड काढली होती, तिचा निकाल.

पूड आणली, पण उजवी बाजू, म्हणजे माझ्यासमोरची, घासून होईपर्यंत हात गळून गेले आणि अंधार झाला. म्हटलं होऊन जाऊ दे प्रयोग. उजवीकडे उघडी काच आणि सिलिकॉन. डावीकडे फक्त धुतलं, त्याच कोटिंगची उरलेली बाटली मारून घेतली (दुकानदाराने दिली होती, आता वाचलं, फ्लोरिनचं आहे) आणि पक्याच्या इच्छेप्रमाणे साधं रबर बसवलं.

चार दिवस घाट केला. उजवीकडची थरथर गेली, आर्म पिळल्यावर निम्मी आणि काच घासल्यावर उरलेली. दुधाळ पडदा अजून येतो, पण पातं पुढे जाईस्तोवर विरतो. गुरुवारी मेढ्याच्या पुढे ढगात शिरलो. डावी काच नुसत्या थेंबांनी भरलेली, एसटीचा दिवा पडला की तिकडे दिवाळी. माझ्या बाजूला पाण्याची पातळ साय, तिच्यातून रस्त्याचा पांढरा पट्टा शेवटपर्यंत दिसत होता.

शनिवारी सौभाग्यवतींना घेऊन पुण्याला गेलो. शिरवळच्या अलीकडे जोराचा पाऊस, गाडी ऐंशीला. तिच्या बाजूची काच वायपर पोचायच्या आधीच साफ आणि मी वायपर दुसऱ्या वेगावर टाकून मान पुढे काढून बसलेलो. "चालवणाऱ्याला चांगली बाजू द्यायची का बसणाऱ्याला?" असं विचारत होती.

---

लिंबखिंड_ते_कात्रज · २० जुलै, रात्री ११:१८

वहिनींना माझा नमस्कार सांगा.

---

गंजलेला_नट · २१ जुलै, सकाळी ७:५५

याहून चांगला प्रयोग आमच्या प्रयोगशाळेत झाला नसता. एकच सूचना: उजवीकडे सिलिकॉन हळूहळू थर सोडणार, पावसाळ्याच्या शेवटी तिकडेही थोडे मोती दिसायला लागतील. तेव्हा घाबरून कोटिंगवाल्याकडे जाऊ नका. भुरभुरीत त्रास झाला तरच पुन्हा पूड घासा.

---

दहाचाकी · २१ जुलै, सकाळी ८:१०

डाव्या बाजूला बटाटा लावून बगा की येकदा.

---

यवतेश्वरची_ताई · २१ जुलै, सकाळी ९:४०

मागच्या काचेच्या वायपरचं काय केलंत? तिथे सिलिकॉन चालेल का, मला टाकायचंय.

---

केळघरची_वाट · २१ जुलै, सकाळी १०:०२

ताई, मागचं ब्लेड नाहीच. उन्हाळ्यात महाबळेश्वरला गाडी लावून चहा प्यायला गेलो होतो. परत आलो तर एक माकड टपावर बसून माझ्या वायपरचं रबर दातांनी ओढत होतं आणि दुसरं त्याच्या पाळीची वाट बघत होतं. सिलिकॉनचं त्यांना आवडतं का ते अजून तपासलेलं नाही.